पुढचं डावं चाक

मी ज्या गॅरेजमध्ये काम शिकलो ते अंधेरीहून मरोळला जाणाऱ्या रस्त्यावर होतं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. तेव्हा तो सगळा भाग म्हणजे शेतं, म्हशींचे तबेले, मधे एखादं गावठाण आणि डोंगराच्या अंगाला दगडाच्या खाणी. आमच्या शेठच्या पाच ट्रका होत्या. खाणीवरची खडी उचलायची आणि घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जिथे इमारती आणि रस्ते उभे राहत होते तिथे नेऊन ओतायची, एवढाच धंदा. गाड्या लढाईनंतर लिलावात निघालेल्या, लष्करी. वरून निळा रंग दिला होता, पण दारावर खरवडलं की आतून हिरवा निघायचा.

त्यातली तीन नंबरची गाडी माझे भाऊजी चालवत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आई-वडील गेल्यावर ताईनं मला मालवणाकडच्या गावातून मुंबईला बोलावून घेतलं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तिला मूलबाळ नव्हतं. मरोळच्या अलीकडे एका बैठ्या चाळीत त्यांची एक खोली होती. तिच्यात मी तिसरा आलो. आल्याच्या आठवड्यात भाऊजींनी मला गॅरेजच्या फोरमनसमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "साहेब, हा माझा मेव्हणा. हात चांगला आहे त्याचा. शिकवा." माझा हात त्यांनी तोपर्यंत पाहिलाही नव्हता.

भाऊजी लढाईत ड्रायव्हर होते. ब्रह्मदेशाच्या बाजूला चिखलातून, डोंगरातून गाड्या काढलेल्या. बोलायला कमी. गाडीत चढण्याआधी रोज ते तिच्याभोवती एक फेरी मारायचे, प्रत्येक चाकाला पायानं हलकं ढोसायचे आणि मगच दार उघडायचे. चाळीतली पोरं त्यांची नक्कल करायची. खाणीवरचे हमाल त्यांच्याच गाडीत बसायला बघायचे, कारण उतारावर ते गाडी पिसाळू देत नसत. ताई म्हणायची, "ह्यांका माणसांपेक्षा गाडी जास्त कळता." त्यात थोडी तक्रार असायची आणि बराचसा अभिमान.

फोरमन एक वयस्क पारशी गृहस्थ होते. पायजमा, वर डाग पडलेला पांढरा डगला, खिशात घडीची लाकडी पट्टी. त्यांनी मला चौथ्या वर्षी पुढच्या चाकांचं काम दिलं. ते काम गॅरेजमध्ये मानाचं समजलं जाई. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, फिरवत ठेवून टायरच्या मधोमध खडूनं बारीक रेघ मारायची, मग दोन रेघांमधलं अंतर एकदा पुढून मोजायचं आणि एकदा मागून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एखादं सूत कमी भरलं पाहिजे, म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन्ही चाकांना जोडणारा लोखंडी दांडा असतो, त्याला टाय रॉड म्हणतात. तो फिरवून हे अंतर जुळवायचं. जुळलं नाही तर चाकं सरळ फिरत नाहीत, रस्त्यावर थोडी थोडी फरफटत जातात आणि टायर एका कडेनं झिजतो.

ती झीज डोळ्यांनी बघायची नाही, हातानं बघायची, असं फोरमननी मला शिकवलं. माझा पंजा धरून त्यांनी तो टायरवरून आडवा फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत लागलं. उलट फिरवल्यावर करवतीचे दाते लागावेत तसं बोचलं. "समजा? किस तरफ घिसता है, हात बोलेगा," ते म्हणाले. पुढे कितीतरी दिवस मी दिसेल त्या गाडीच्या टायरवरून हात फिरवत असे. अंधेरी स्टेशनबाहेर एकदा एका टॅक्सीवाल्यानं मला चोर समजून हाकललं होतं.

भाऊजींच्या गाडीचं दुखणं सुरू झालं तेव्हा मी एकवीस-बावीस वर्षांचा होतो. एका संध्याकाळी गाडी लावून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गाडी डाव्याक ओढता रे. बघ जरा."

मी बघितलं. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड झिजली होती, डाव्याची जास्त. चाकं जॅकवर घेऊन मोजली तर पुढचं अंतर कमी असायच्या ऐवजी जास्त भरलं. टाय रॉड मधे किंचित वाकला होता. रॉड काढला, ऐरणीवर सरळ केला, परत बसवला, अंतर जुळवलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी गाडी फिरवून आणली आणि मान हलवली. ठीक आहे म्हणजे त्यांची मान अशी हलायची.

तीन आठवड्यांनी तेच. परत सरळ केला. महिन्याभरानं पुन्हा तेच. फोरमन चिडले. लोखंड थकलं म्हणाले आणि नवा रॉड मागवला. चाक ज्या खुंटीवर वळतं त्या किंगपिनच्या बुशी बदलल्या. स्प्रिंगच्या पाट्यांचे नटबोल्ट तपासले. नवा रॉडही दीड महिन्यात वाकला.

"खाणीचो रस्तो खराब हा," भाऊजी म्हणाले.

खाणीचा रस्ता खराब होताच. पण त्याच रस्त्यानं बाकीच्या चार गाड्याही जात होत्या.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी भाऊजींची आई गावी वारली. ताई आणि भाऊजी दोघंही बोटीनं गेली, महिनाभर परतली नाहीत. तीन नंबरची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. तो तरणाबांड होता, गाडी दामटवणारा, ब्रेक कराकरा दाबणारा. मला वाटलं, हा आठवड्यात रॉडची वाट लावणार. मी दर शनिवारी हात फिरवून बघत होतो. काही नाही. महिनाभर टायर सरळ झिजला, रॉड होता तसाच राहिला.

भाऊजी आले, गाडीभोवती फेरी मारली, चाकांना ढोसलं, गाडी घेतली. बाराव्या दिवशी रॉड वाकलेला होता.

त्या दिवशी मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरून खालून सगळं बघितलं आणि मग वर येऊन डाव्या चाकासमोर उकिडवा बसलो. आतापर्यंत मी टायरची फक्त जमिनीला लागणारी बाजू बघत होतो. आता बाहेरची भिंत बघितली. तिच्यावर ओरखडे होते. एक-दोन नव्हेत, एकावर एक. आणि त्या ओरखड्यांच्या खाचांमध्ये पांढरं काहीतरी बसलं होतं. नखानं काढून बघितलं तर चुना. रस्त्याच्या कडेला, पुलाच्या दोन्ही अंगांना चुन्यानं रंगवलेले दगड उभे असायचे, त्यांचा चुना.

इतकी वर्षं गाडी चालवणारा माणूस कडेच्या दगडांना चाक घासतो, हे माझ्या मनाला पटेना. मी कोणाला काही बोललो नाही. दोन दिवसांनी फोरमनना सांगितलं, की गाडी चालू असताना काय होतं ते बघायला मी एक खेप बरोबर जातो. ते म्हणाले, "जा, जा. देखके आव."

आमच्याकडे जवळच्या खेपांना क्लीनर देत नसत. चार हमाल मागे खडीवर बसायचे, आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताची जागा रिकामी असायची. त्या रिकाम्या जागेवर मी बसलो. खेप मुलुंडची होती. सकाळची नऊ-साडेनवाची वेळ, लख्ख ऊन. भाऊजी खुशीत होते. मेव्हणा शेजारी बसलाय म्हणून असेल, त्यांनी ब्रह्मदेशातली एक गोष्टही सांगायला घेतली. एका ओढ्यात गाडी अडकली होती आणि गावातल्या बायकांनी येऊन ती ढकलली होती, अशी काहीतरी.

घाटकोपरच्या पुढे रस्त्याच्या डाव्या कडेनं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. गाडी सरळ तिच्याकडे जात होती. मला वाटलं आता वळवतील, आता वळवतील. गोष्ट चालूच होती. मी ओरडलो, "भाऊजी, बाई!"

त्यांनी झटक्यानं चाक उजवीकडे ओढलं. मागे हमाल शिव्या देत एकमेकांवर पडले. बाईच्या भाऱ्यातल्या काही काड्या माझ्या खिडकीला घासून गेल्या. ती वळून काय बोलली ते कळलं नाही.

भाऊजींनी गोष्ट पुरी केली नाही. थोड्या वेळानं मी माझा उजवा हात उचलला आणि त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला, कानशिलापासून वीतभर अंतरावर धरला. बोटं हलवली. ते समोर बघत होते. मी हात आणखी जवळ नेला, जवळजवळ गालाशी. पापणीसुद्धा लवली नाही.

मी हात खाली घेतला. मुलुंडला पोचलो. हमाल फावडी घेऊन चढले तेव्हा आम्ही दोघं एका अर्धवट भिंतीच्या सावलीत उभे होतो.

"भाऊजी, डाव्या डोळ्यानं दिसतं का तुम्हाला?"

ते विडी शिलगावत होते. काडी विझली. दुसरी काडी त्यांनी काढली नाही.

"तुका कोणी सांगल्यान?"

"टायरवर चुना आहे."

त्यांनी विझलेली काडी खाली टाकली. मग म्हणाले, "वरीस झाला असात. आधी कडेन काळोख झालो. मगे सगळाच. आता दिसणा नाय. पण उजवो चांगलो हा. उजव्यान माका मुंगी दिसता."

"डॉक्टरला दाखवलं?"

"डॉक्टर काय करतलो? सांगतलो, गाडी सोड. ता माका ठावक हा."

"ताईला माहीत आहे?"

"नाय. आणि तू सांगू नको. तुझ्या फोरमनाकही नको." मग ते माझ्याकडे वळले. आता माझ्या लक्षात आलं, की हल्ली ते कोणाकडेही बघताना मान जरा जास्तच फिरवून बघायचे. "माका गाडीशिवाय काय येता? मी काय करतलंय? तू फकत रॉड सरळ करून दी. मी सांभाळून चालवीन. डाव्या बाजूक जास्त जागा ठेवीन. जरा दिस दी माका."

मी हो म्हटलं.

आज इतक्या वर्षांनी मी त्या 'हो'कडे पुन्हा पुन्हा बघतो. मला त्यांचा धाक नव्हता. पण ज्या माणसानं मला छप्पर दिलं, हातात पाना दिला, तो माझ्यासमोर भिंतीला टेकून उभा राहून मागत होता, आणि मला ते बघवत नव्हतं. तो प्रसंग लवकर संपावा एवढंच मला वाटत होतं. म्हणून हो म्हटलं. त्यावेळी मी त्याला माया समजत होतो.

मग मी काय काय केलं ते सांगतो. दर पंधरवड्यानं, फोरमन दुपारी जेवायला घरी गेले की, मी रॉड काढून सरळ करायचो. अंतर जुळवायचो. आणि पुढचा डावा टायर फार ओरबाडला की तो काढून मागे बसवायचो. ट्रकला मागे दोन-दोन चाकं जोडीनं असतात. त्या जोडीतल्या आतल्या चाकाकडे कोणी बघत नाही. मी ओरखडलेला टायर तिथे आत घालायचो आणि तिथला चांगला टायर पुढे आणायचो. फोरमन येऊन पुढच्या टायरवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "अब बराबर. देखा, रॉड टिक गया आखिर." मी मान खाली घालून हात पुसायचो. त्यांनी शिकवलेली विद्या मी त्यांनाच फसवायला वापरत होतो.

हे नऊ-दहा महिने चाललं.

त्या महिन्यांत घरी मात्र भाऊजी माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागले. दोघांमधलं गुपित माणसांना जवळ आणतं, तसं काहीसं झालं होतं. रविवारी ते मला घेऊन बाजारात जायचे आणि मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालायचो. आम्ही तसं ठरवलं नव्हतं. ताई एकदा म्हणाली, "आता साळो-भावोजी दोघेच. माका कोण इचारता!" ती खूश होती. ते आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

एकदा जेवताना कंदिलाकडे बघत भाऊजी म्हणाले, "कंदिलाभोवती इंद्रधनुष्यासारखा कडा दिसता. बरा दिसता." ताईनं काच पुसायची राहिली असेल म्हणून कंदील खाली घेतला आणि पदरानं काच पुसली. मीही तिथेच बसलो होतो. मला त्यातलं काही कळलं नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी हे सगळं उघडं पडलं. गॅरेजच्या अलीकडे रस्त्याला एक दगडी हौद होता. अंधेरी स्टेशनावरून भाडी आणणारे तांगेवाले तिथे घोड्यांना पाणी पाजायचे. भाऊजी घाटकोपरहून रिकामी गाडी घेऊन येत होते. वेग फार नव्हता. हौदाला लागून एक तांगा उभा होता आणि घोडी मान खाली घालून पाणी पीत होती. गाडीचं पुढचं डावं चाक आणि मडगार्ड सरळ तिच्या पायांवर गेलं.

आवाज आम्हाला गॅरेजमध्ये ऐकू आला. मी पळत गेलो. तांगा उलटला होता. तांगेवाला हौदाच्या पलीकडे उभा होता म्हणून वाचला. घोडी रस्त्यावर पडली होती. पांढरट रंगाची, म्हातारीच म्हणायची. पुढचे दोन्ही पाय गुडघ्याखाली मोडले होते आणि ती उठायचा प्रयत्न करत होती. अर्धी उठायची आणि परत पडायची. भाऊजी खाली उतरून तिच्या डोक्याशी बसले होते. दोन्ही हातांनी तिची मान धरून ते तिला खाली दाबत होते, उठू नको म्हणून. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते.

तांगेवाला वयानं भाऊजींहून बराच मोठा, पांढऱ्या दाढीचा. सगळ्यांना वाटलं आता तो मारामारी करणार. लोक जमले होते, दोघं-तिघं भाऊजींना ओढायला पुढेही सरकले होते. तांगेवाल्यानं त्यांना बाजूला केलं. तो भाऊजींसमोर बसला आणि घोडीच्या अंगावरून हात फिरवत अगदी हळू आवाजात म्हणाला, "भाई, दिखा नहीं क्या? इतनी सफेद है."

भाऊजींनी मान फिरवून त्याच्याकडे पाहिलं, तसं पूर्ण वळून. "नाही दिसली," ते म्हणाले. "मला या डोळ्यानं दिसत नाही."

लोकांमध्ये कुजबुज झाली. भाऊजींनी मला गर्दीत पाहिलं की नाही मला माहीत नाही. मी पुढे झालो नाही.

जनावरांच्या दवाखान्यातून माणूस यायला दोन तास लागले. तोपर्यंत भाऊजी आणि तांगेवाला दोघं घोडीच्या दोन बाजूंना बसून होते. तांगेवाला हौदातलं पाणी ओंजळीनं तिच्या तोंडाशी नेत होता. माणसानं येऊन बघितलं, नाही म्हणून मान हलवली आणि सुई टोचली. घोडी शांत झाल्यावर भाऊजी उठले, गॅरेजमध्ये गेले, गाडीची चावी फोरमनच्या टेबलावर ठेवली आणि चालत घरी गेले. रस्त्याच्या उजव्या कडेनं चालत गेले, डावा हात किंचित पुढे धरून.

फोरमननी मला बोलावलं नाही. ते स्वतः गाडीपाशी गेले आणि हमालांकडून मागची चाकं काढून घेतली. आतला टायर बाहेर आला. त्यांनी चष्मा लावून ते ओरखडे बघितले. मग मला म्हणाले, "तेरेको मालूम था?"

"हां साहेब."

"कबसे?"

"शिमग्यापासून."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं शिव्या देतील, काढून टाकतील. शेवटी म्हणाले, "मेरेको बोलना था रे. मैं उसको क्या खा जाता?" आणि डगल्याच्या खिशात पट्टी घालून ते आत गेले. त्यांनी मला नोकरीवरून काढलं नाही. पण पुढच्या चाकांचं काम माझ्याकडून काढून घेतलं, आणि ते होते तोपर्यंत परत दिलं नाही.

त्या आठवड्यात आम्ही भाऊजींना शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. ताई, भाऊजी आणि मी. डॉक्टर तरुण होते, मराठी बोलणारे. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासलं. मग बाहेर येऊन आम्हाला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "हा काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि नजर कडेकडून मरत जाते. डावा डोळा गेलेला आहे. उजव्यालाही सुरुवात होऊन बरेच दिवस झालेत. औषध देतो, ऑपरेशनही करू, पण जे गेलं ते परत येत नाही. आहे तेवढं किती दिवस टिकेल सांगता येत नाही."

ताईनं विचारलं, "लवकर आणलं असतं तर?"

"वर्षभर आधी आणलं असतं तर उजवा बहुतेक राखता आला असता," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. विचारलं ते सांगितलं, एवढंच. मग त्यांनी विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात असं कधी म्हणाले होते का?"

ताईचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला.

घरी आल्यावर भाऊजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले. ताई बाहेर नळावर भांडी घासायला बसली. मी तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो. तिनं वर न बघता विचारलं, "तुका ठावक होता?"

"हो."

"कधीपासून?"

मी सांगितलं. ती राखेनं पातेलं घासत राहिली. ते स्वच्छ झालं होतं तरी घासत राहिली. मग म्हणाली, "माका कित्याक सांगलंस नाय?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं."

"ते सांगतले तसाच. ते पुरुष. तू माझो भाव मां?" तिचा आवाज चढला नाही. "एका शब्दाचा काम होता रे. मी हातापाया पडान त्यांका घेऊन गेली असती."

त्यानंतर ती या विषयावर माझ्याशी बोलली नाही. मला वेळेवर जेवण वाढायची. कपडे धुवायची. बोलायची सुद्धा, तेल संपलंय, उद्या लवकर जायचंय का, असं. पण पूर्वी ती ताट वाढून समोर बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची, ते बंद झालं. ताट वाढून ती बाहेर जाऊन बसायची.

उजवा डोळा तीन वर्षं पुरला. ऑपरेशन झालं, थेंब घातले, तरी तो कडेनं आत आत मिटत गेला. शेवटी शेवटी भाऊजी म्हणायचे, की एखाद्या नळकांड्यातून बघावं तेवढंच दिसतं. शेठनं त्यांना खाणीवर राखणदाराचं काम दिलं होतं. तेही सुटलं. मग दोघं गावी गेली. बंदरावर बोटीत चढताना भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फळीवरून पाय टाकला. ताई पुढे होती, बोचकी घेऊन. तिनं मागे वळून मला नमस्कार केला, पाहुण्याला करावा तसा. ती बोट निघाल्यावर मी खोलीवर आलो. एका माणसाला ती खोली फार मोठी होती.

मी वर्षातून एकदा गावी जायचो. भाऊजी नऊ वर्षं जगले. गावातल्या वाटा त्यांच्या पायांना माहीत होत्या, विहिरीपर्यंत, देवळापर्यंत एकटे जायचे. नारळ सोलायचे, सुंभ वळायचे. एका वर्षी आम्ही दोघं खळ्यात बसलो असताना मी धीर करून म्हणालो, "भाऊजी, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

ते सुंभ वळत होते. हात थांबले नाहीत. "तू पोर होतंस," ते म्हणाले. "मी जाणतो होतंय. मीच तुका गप केलंय. चूक माझी."

मी बावीस वर्षांचा होतो, पोर नव्हतो. हे त्यांना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "ती घोडी मात्र माका सपनात येता." आणि सुंभाला पुढचा पेड जोडला. तांगेवाल्याचं पुढे काय झालं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मी दोन-तीनदा स्टेशनबाहेर चौकशी केली होती. कोणी म्हणालं तो उत्तरेकडे आपल्या मुलखात गेला, कोणी म्हणालं कुर्ल्याला मुलाकडे असतो.

भाऊजी वारल्यावर ताई दोन वर्षं एकटी राहिली. मग मी तिला बोरिवलीला माझ्या घरी आणलं. तोपर्यंत माझं लग्न झालं होतं, मुलगी होती. ताई आली ती घरकामाला लागली, मुलीला लळा लावला, माझ्या बायकोशी तिचं चांगलं जमलं. माझ्याशी मात्र जेवढ्यास तेवढं; माझं ताट वाढलं की अजूनही बाहेर जाऊन बसायची.

ती आल्यापासून मी दर वर्षी तिला डोळे तपासायला न्यायला लागलो. तिला काही त्रास नव्हता. सुईत दोरा ओवायची. तरी मी न्यायचो. ती एकदाही नाही म्हणाली नाही आणि कशाला असंही तिनं विचारलं नाही. लुगडं बदलून तयार राहायची. यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून बसायची आणि डॉक्टर सांगतील तिकडे बघायची. मी दाराशी उभा असायचो. डॉक्टर म्हणायचे, सगळं ठीक आहे, मावशी, आणि आम्ही परत यायचो.

असं सहा-सात वर्षं झाल्यावर एकदा दवाखान्यातून उतरताना ती पायरीवर थांबली. गुडघे दुखत होते म्हणून मी हात पुढे केला. तिनं तो धरला. पण पाय खाली टाकला नाही.

"अजून किती वर्षां नेतलंस माका?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "नेईन गं. जमेल तोवर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वर्षांनी तिनं माझ्याकडे इतका वेळ पाहिलं असेल. मग म्हणाली, "बरा. ने." आणि एकेक पायरी उतरायला लागली.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं मला ताट वाढलं आणि बाहेर गेली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकून बसली. मी जेवेपर्यंत बसून होती, मग ताट उचलून घेऊन गेली.